समुद्रातलं विकर आणि समुद्रातला जीव: काम नेमकं कोण करतं?

‘तेल खाणारं एन्झाइम’, ‘प्लॅस्टिक फस्त करणारं एन्झाइम’ असे मथळे हल्ली वरचेवर दिसतात, आणि त्या प्रत्येकात एकच गफलत असते. एन्झाइम काही खात नाही. त्याला पोट नाही, भूक नाही, पिल्लं होत नाहीत. खातो तो जीव, म्हणजे जीवाणू किंवा बुरशी. एन्झाइमला आपल्या शाळेच्या पुस्तकात विकर म्हणतात. ते त्या जीवानं स्वतःच्या पेशीत घडवलेलं एक प्रथिन असतं, एका ठरावीक कामाचं हत्यार. कोयता ऊस तोडतो आणि माणूस ऊस तोडतो, ही दोन्ही वाक्यं खरी आहेत, पण नुसता कोयता फडात टाकून घरी आलं तर ऊस उभाच राहील. समुद्रातल्या विकरांच्या बाबतीत हा फरक फार मोलाचा आहे. कारखान्यात एक लागतं आणि उघड्या पाण्यात दुसरं, आणि चुकीचं निवडलं की पैसा आणि वेळ दोन्ही पाण्यात जातात.

फरक समजायला आधी स्वयंपाकघरात जाऊ. रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण घातलं की सकाळी दही लागतं, आणि त्याच दह्यातला चमचाभर उद्याच्या दुधाला पुरतो. काही घरांत विरजणाची ही ओळ वर्षानुवर्षं तुटत नाही. विरजण जिवंत आहे. ते दुधातली साखर खातं, वाढतं, स्वतःची संख्या वाढवतं. आता दुसरं उदाहरण. मटण निबर असेल तर कच्च्या पपईचं वाटण चोळून ठेवतात. पपईच्या चिकात पपेन नावाचं विकर असतं, ते मांसातल्या प्रथिनांचे धागे तोडतं. पण आजच्या रश्शातला चमचाभर उद्याच्या मटणाला लावून काही होणार नाही. पपेन वाढत नाही, आणि शिजताना त्याची घडण मोडली की ते कायमचं निकामी होतं. ते प्रथिनं तोडतं, बाकीच्या कशाशी त्याला देणंघेणं नाही, आणि थांबवलं नाही तर मटणाचा लगदा होतो. विरजण म्हणजे जीव, पपईचा चीक म्हणजे विकर. पुढचं सगळं या दोन ओळींत बसतं.

हा गोंधळ नवा नाही. एकोणिसाव्या शतकात मोठमोठे शास्त्रज्ञ यावर भांडले. लुई पाश्चर यांचं म्हणणं होतं की साखरेचं अल्कोहोल व्हायला जिवंत यीस्ट लागतंच. १८९७ साली एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर घोटलं, दाबून त्याचा रस काढला आणि त्यात साखर घातली. रसात जिवंत पेशी नव्हती, तरी तो फसफसू लागला. काम पेशीच्या आतल्या पदार्थाचं होतं, आणि तो पदार्थ पेशीबाहेर काढता येत होता. १९०७ साली बुखनर यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ‘एन्झाइम’ या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थच ‘यीस्टमध्ये’ असा आहे. जीव आणि त्याचं हत्यार वेगळं करता येतं, ही गोष्ट त्या दिवसापासून पक्की झाली. आजचा सगळा विकर-उद्योग त्या रसावर उभा आहे.

आता समुद्राकडे वळू, पण उसाच्या वाटेनं. गोव्यात दोना पावला इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी समुद्रातल्या बुरशींवर वर्षानुवर्षं काम केलं, आणि त्यातली दोन कामं उसाच्या दोन टोकांना जाऊन भिडतात. एक चिपाडाला, दुसरं मळीला. एकात विकर वापरलं, दुसऱ्यात जिवंत बुरशी. दोन्हींतला फरक शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

पहिलं चिपाडाचं. उसाच्या चिपाडापासून कागदाचा लगदा करतात. लगदा तपकिरी असतो, कारण त्यात लिग्निन, म्हणजे वनस्पतीला ताठपणा देणारं चिवट द्रव्य, उरलेलं असतं. तो पांढरा करायला क्लोरीन वापरलं की सांडपाण्यात क्लोरीनयुक्त घातक संयुगं उतरतात. लिग्निन आणि तंतू यांच्यामध्ये झायलन नावाचा पदार्थ असतो. तो कापला की लिग्निन मोकळं होतं आणि क्लोरीन कमी लागतं. झायलन कापणारं विकर म्हणजे झायलनेज. पण इथे एक मोठी अट आहे. त्या विकराबरोबर सेल्युलेज नको. सेल्युलेज हे सेल्युलोज तोडतं, आणि कागदाची सगळी ताकद सेल्युलोजच्या तंतूंतच असते. शिवाय लगदा गरम असतो, अल्कधर्मी असतो, आणि साध्या विकराचा त्यात टिकाव लागत नाही.

दोना पावलाच्या संशोधकांनी समुद्रातल्या बुरशी याच अटींवर तपासल्या. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात ॲस्परजिलस नायजर या बुरशीच्या एका वाणातून काढलेलं, सेल्युलेज नसलेलं कच्चं विकर चिपाडाच्या लगद्याला ५५ अंश सेल्सिअसला ६० मिनिटं लावलं. लगद्यात उरलेलं लिग्निन मोजायला कागद कारखान्यात ‘कप्पा अंक’ वापरतात, तो दहानं खाली आला. ब्लीचिंगला लागणारं क्लोरीन ३० टक्क्यांनी कमी झालं. तास संपला की काम संपलं.

इथे जिवंत बुरशी सोडली असती तर? ती दिवसेंदिवस वाढत बसली असती. तिला जगायला जे काही तोडावंसं वाटेल ते तिनं तोडलं असतं, आणि त्यात कागदाचे तंतूही गेले असते. कारखान्याला हत्यार हवं होतं, हत्याराचा धनी नको होता.

उद्योगाचं विकरावर इतकं प्रेम का, ते यात दिसतं. एकच क्रिया, मोजकी मात्रा, ठरलेला वेळ, आणि हवं तेव्हा थांबवण्याची सोय. या शेवटच्या गोष्टीवर एक फार सुंदर उदाहरण थंड समुद्रातलं आहे. उत्तर अटलांटिकमधल्या पँडॅलस बोरिआलिस या कोळंबीत अल्कलाइन फॉस्फटेज नावाचं विकर असतं. डीएनएच्या टोकाचा फॉस्फेट गट काढायला ते प्रयोगशाळेत लागतं. नॉर्वेत ते कोळंबीप्रक्रियेच्या पाण्यातून मिळवलं गेलं, म्हणजे जे पाणी एरवी फेकून दिलं असतं त्यातून. थंड पाण्यातल्या जिवाचं असल्यामुळे त्याची घडण सैलसर असते. कमी तापमानात ते झपाट्यानं चालतं आणि ६५ अंशांपर्यंत तापवलं की काही मिनिटांत निकामी होतं. संशोधकाला हेच हवं असतं, कारण काम झाल्यावर ते विकर मध्ये लुडबुडत राहिलं तर पुढचा टप्पा बिघडतो.

दुसऱ्या टोकाला उकळता समुद्र आहे. इटलीच्या व्हल्कानो बेटाच्या किनाऱ्याजवळच्या तप्त समुद्रगाळात सापडलेल्या पायरोकोकस फ्युरिओसस या सूक्ष्मजीवाचं वर्णन १९८६ साली प्रसिद्ध झालं. तो १०० अंशांच्या आसपास सगळ्यात खुशीत वाढतो. डीएनएच्या प्रती काढणारं त्याचं विकर, ‘पीएफयू पॉलिमरेज’, पीसीआर यंत्राच्या, म्हणजे प्रयोगशाळेत डीएनएच्या प्रती काढायच्या यंत्राच्या, तापवण्या-निववण्यात टिकतं आणि आपणच केलेली चूक मागे जाऊन खोडतं. इथे आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. ‘समुद्रातलं विकर’ म्हणजे कुणी रोज बोटीतून जाऊन ते आणत नाही. त्या जिवाचा नेमका जनुक काढून तो ई. कोलायसारख्या पाळीव जीवाणूत घालतात आणि जमिनीवरच्या टाक्यांत विकर तयार करतात. समुद्रातला मूळ जीव समुद्रातच राहतो, कारखान्यात येते ती त्याच्या हत्याराची नक्कल.

दोना पावलाच्याच लोकांनी मध्य हिंदी महासागर खोऱ्यातल्या, सुमारे ५,००० मीटर खोलीवरच्या गाळातून बुरशी वाढवल्या. त्यांतल्या ॲस्परजिलस उस्टसच्या एका वाणाचं प्रथिनं तोडणारं विकर अल्कधर्मी पाण्यात आणि ४५ अंशांना उत्तम चालतं, आणि २ अंशांनाही साधारण दहावा हिस्सा काम करतं. कपडे थंड पाण्यात धुवायची पावडर बनवणाऱ्याला यात काय दिसत असेल ते सांगायला नको. पाणी तापवायची वीज वाचते.

इथपर्यंत विकराची बाजू भक्कम आहे. पण पाणी उघडं झालं, घाण मिसळीची झाली आणि हद्द कुणाच्या हातात राहिली नाही की सगळं पालटतं.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल पाण्यात गेलं आणि ते खारफुटीत शिरलं. खारफुटीच्या श्वसनमुळांवर बसलेलं तेल पुसून काढता येत नाही. मग साहजिकच विचारलं जातं, की तेल तोडणारी विकरं समुद्रात आहेतच ना, मग ती बाटलीतून फवारायची की! प्रश्न प्रामाणिक आहे, त्याचं उत्तरही नीट द्यायला हवं.

खनिज तेल हा एक पदार्थ नाही, हजारो संयुगांची खिचडी आहे. कार्बनच्या साध्या सरळ साखळ्यांपासून चार-पाच गोल कड्या एकमेकींना जोडलेल्या विषारी संयुगांपर्यंत सगळं त्यात असतं. एक विकर एक क्रिया करतं, त्यामुळे इथे विकरांची अख्खी फौज लागेल. ती गोळा केली तरी पहिल्याच पायरीला अडेल. समुद्रातला तेलावर जगणारा नामांकित जीवाणू म्हणजे अल्कॅनिव्होरॅक्स बॉर्क्युमेन्सिस. उत्तर समुद्रातल्या बॉर्कुम बेटाजवळ तो सापडला आणि १९९८ साली त्याचं वर्णन झालं. तेलाच्या साखळीवर पहिला घाव घालणारं त्याचं विकर पेशीच्या पडद्यात रुतलेलं असतं. त्याला जोडीला दोन मदतनीस प्रथिनं लागतात, पेशीनं खाऊन मिळवलेली ऊर्जा लागते आणि प्राणवायू लागतो. पेशीतून उपटलं की ते विजेची तार तोडलेल्या पंप-सेटसारखं होतं. पहिल्या घावानंतर तेलाच्या रेणूचं अल्कोहोल होतं, मग आल्डिहाइड, मग मेदाम्ल, आणि ते पायरीपायरीनं तुटून शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरतं. ही साखळी चालवायला जिवंत पेशीच हवी. कड्यांची संयुगं तोडायला सायक्लोक्लॅस्टिकससारखे वेगळेच जीवाणू पुढे येतात. आणि समुद्रात सोडलेलं विकर तर भरतीच्या पहिल्या लाटेबरोबर विरून जाईल. जीवाणू मात्र तेलाच्या थेंबाला चिकटून राहतो आणि खाईल तितका वाढतो.

मग जीवाणूच आणून सोडायचे का? बंगालमध्ये जन्मलेले आनंद मोहन चक्रवर्ती यांनी अमेरिकेत तेल तोडणारा सुधारित स्यूडोमोनास जीवाणू तयार केला. १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं त्याचं पेटंट मान्य केलं. जिवंत सूक्ष्मजीवाच्या पेटंटचा तो ऐतिहासिक निकाल. पण तो जीवाणू तेलगळतीत कधी वापरला गेला नाही. मोकळ्या समुद्रात नवा जीव सोडणं ही लहान गोष्ट नाही, शिवाय बाहेरून आणलेला जीव तिथल्या रुळलेल्या जिवांपुढे सहसा टिकत नाही.

प्रत्यक्षात उपयोगी पडलेली गोष्ट कुठल्याही शेतकऱ्याला लगेच पटेल. २४ मार्च १९८९ रोजी अलास्कात एक्झॉन व्हाल्डेझ जहाज खडकावर चढलं आणि सुमारे चार कोटी लिटर तेल सांडलं. तिथल्या किनाऱ्यावर तेल खाणारे जीवाणू आधीपासूनच होते. तेलातून त्यांना कार्बन भरपूर मिळत होता, पण अंग वाढवायला नायट्रोजन आणि फॉस्फरस नव्हता. म्हणून किनाऱ्यावर खत टाकलं, तेलात विरघळणारं आणि हळूहळू सुटणारं. घाण तुटायचा वेग वाढला. पण यालाही मर्यादा आहे आणि ती लपवू नये. गोट्यांखाली, जिथे प्राणवायू पोचला नाही, तिथे ते तेल दशकांनंतरही सापडलं. गोव्याच्या किनाऱ्यांवर पावसाळ्याच्या तोंडावर येणारे तेलगोळेही याच जातीचे आहेत. हलका भाग उडून गेलेला असतो आणि उरतो तो डांबरासारखा जड भाग, ज्याला जीवाणूही फार सावकाश हात लावतात.

प्लॅस्टिकबद्दल थोडक्यात. बाटल्यांचं पीईटी प्लॅस्टिक तोडणारा इडिओनेला साकायेन्सिस हा जीवाणू २०१६ साली जगापुढे आला. तो जपानमधल्या बाटल्यांच्या पुनर्वापर केंद्राजवळ सापडला, समुद्रात नव्हे. पीईटी तोडण्यात आज सगळ्यात पुढे गेलेली सुधारित विकरं ७० अंशांच्या आसपास, बंद टाकीत, दळलेल्या प्लॅस्टिकवर चालतात. म्हणजे तो चिपाडाच्या जातीचा कारभार झाला. समुद्रात तरंगणाऱ्या कचऱ्याला त्याचा आज काही उपयोग नाही, आणि ‘समुद्र आपोआप साफ होईल’ या आशेवर बाटल्या फेकत राहणं घातक आहे.

बाजारात हा गोंधळ आणखी गडद होतो. सोसायटीच्या सांडपाणी टाकीला, कोकणातल्या कोळंबी तळ्याला, शेप्टिक टँकला म्हणून ज्या पुड्या मिळतात, त्यांतल्या काहींत वाळवलेले जिवंत जीवाणू असतात, काहींत विकरं, काहींत दोन्ही. पाकीट उलटं करून बघायची सवय लावावी. ‘सीएफयू’ असा आकडा असेल तर आत जिवंत जीव आहेत. ‘युनिट’ असा आकडा असेल तर विकर आहे. दोन्ही नसेल आणि नुसतंच ‘बायो’ लिहिलं असेल तर दुकानदाराला विचारावं, आणि उत्तर मिळालं नाही तर घेऊ नये. जिवंत असेल तर त्याला हवा, वेळ आणि स्थिरता द्यावी लागते, टाकीत लगोलग ॲसिड किंवा ब्लीच ओतलं की ते मरतात. विकर असेल तर ते पुन्हापुन्हा घालावं लागतं. एक भाग गूळ, तीन भाग लिंबाच्या साली आणि दहा भाग पाणी तीन महिने मुरवून घरी करतात ते ‘बायोएन्झाइम’ही नावानं फसवतं. ते मुरतं जिवंत यीस्ट आणि जीवाणूंमुळे, आणि फरशी साफ होते त्यात मोठा वाटा तयार झालेल्या आम्लाचा असतो. करायला काही हरकत नाही, फक्त नाव आणि काम यांची गल्लत करू नये.

विकर निसर्गातलं आहे म्हणून निरुपद्रवी, हेही खरं नाही. धुलाई पावडरीत विकरं घालायला सुरुवात झाली तेव्हा कारखान्यातल्या कामगारांच्या छातीत त्याची धूळ जाऊन दम्याचे त्रास झाले, आणि त्यानंतर विकरांचे दाणे मेणचट आवरणात बंद करायची पद्धत आली.

आता उसाचं दुसरं टोक. साखर पट्ट्यात राहिलेल्याला मळीच्या पाण्याचा वास वर्णन करून सांगावा लागत नाही. मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणारं गडद तपकिरी पाणी म्हणजे स्पेंटवॉश. एक लिटर अल्कोहोलमागे ते आठ ते पंधरा लिटर निघतं. बायोगॅस काढून घेतला तरी त्याचा रंग हटत नाही, कारण तो मेलॅनॉइडिन नावाच्या गुंतागुंतीच्या रेणूंचा असतो. साखर आणि प्रथिनं एकत्र तापली की हे रेणू तयार होतात. भाकरीवरचे तांबूस डाग त्याच प्रकारचे. नदीत ते पाणी गेलं की उजेड आत जात नाही, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे वर येतात. मेलॅनॉइडिनला एकच ठरावीक सांधा नाही, त्यामुळे एक विकर घेऊन तो कापणं जमत नाही.

दोना पावलाच्या संशोधकांनी यासाठी फ्लेव्होडॉन फ्लेव्हस ही बुरशी जिवंत वापरली. समुद्रगवताच्या कुजणाऱ्या पानांवर त्यांना ती सापडली होती. लिग्निनसारखं चिवट द्रव्य तोडणाऱ्या बुरशींच्या कुळातली ही बुरशी, आणि खाऱ्या पाण्यातून आलेली, म्हणून क्षारांनी भरलेलं सांडपाणी तिला परकं वाटत नाही. २००१ साली त्यांनी दाखवलं की पातळ केलेल्या स्पेंटवॉशचा रंग ती आठ दिवसांत ८० टक्के घालवते. यात ग्लुकोज ऑक्सिडेज या विकराचा आणि त्यातून तयार होणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडचा हात असावा असं दिसलं. म्हणजे शेवटी काम विकरंच करत होती, पण ती सतत घडवत ठेवणारी, त्यांना कच्चा माल पुरवणारी जिवंत बुरशी मागे उभी होती. आठ दिवस आणि एक तास, हा फरकही नीट लक्षात घ्यावा. जीव सावकाश चालतो.

मग त्यांनी ती बुरशी फोमच्या तुकड्यांवर वाढवून बसवली, म्हणजे ती पाण्याबरोबर वाहून जात नाही आणि पुन्हा वापरता येते. १० टक्के तीव्रतेच्या स्पेंटवॉशचा रंग पाचव्या दिवशी ६० टक्के आणि सातव्या दिवशी ७३ टक्के उतरला. तेच तुकडे किमान तीन वेळा कामाला आले. पाण्यातली कड्यांची विषारी संयुगं, म्हणजे तेलगळतीत भेटतात त्याच जातीची, पाचव्या दिवसापर्यंत ६८ टक्क्यांनी घटली. हे काम कुणी बुरशीला वेगळं सांगितलं नव्हतं. रंग तोडता तोडता तिनं विषही तोडलं.

शेवटी त्यांनी त्या पाण्यात चिलापी मासे ठेवून पाहिले. प्रक्रिया न केलेल्या पाण्यातल्या माशांच्या यकृताला इजा झाली होती. बुरशीनं साफ केलेल्या पाण्यातल्या माशांची यकृतं शाबूत होती.